हाताच्या अंतरावर

१

रस बेंडर लॉरेलच्या झुडपांत पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर नऊ वर्षांच्या मुलीचं नारिंगी जाकीट पांघरलेलं होतं. जाकीट एवढंसं, जेमतेम त्याच्या खांद्यांना पुरलेलं. शेजारी बर्फात थर्मास पडला होता. झाकण फिरवून पाहिलं तर आत कोको, अजून वाफाळता.

मेलेल्या माणसाला थंडी वाजेल म्हणून पोरीने अंगावरचं काढून त्याला घातलं होतं.

मी वेंडा क्लाइन, या जिल्ह्याची शिकार वॉर्डन. हरणांच्या मोसमाचा पहिला शनिवार म्हणजे माझ्यासाठी लग्नघर. पहाटेपासून पायाला चाकं. हरीण समजून माणूस मारल्याची नऊ प्रकरणं मी बावीस वर्षांत पाहिली. नवांतला एकही मारेकरी शाळेत जाणारा नव्हता.

"सोपं आहे बाई," पोलीस ओडेल म्हणाला. पोरगेला आहे, चांगला आहे, पण त्याला सगळंच सोपं वाटतं. "आठ वीसला पोरीने मचाणावरून हरणावर गोळी झाडली. हरीण निसटलं, मागून हा येत होता. गोळी आरपार जाऊन डोंगरात हरवली. आवाज एकच, सगळ्यांनी ऐकलाय. मामा तिच्या हाताच्या अंतरावर बसला होता. सगळं कायद्याप्रमाणे. अपघात."

"पोरगी काय म्हणते?"

"'मी मारलं' म्हणते. तीन वाजता तिची आई पोचेल. जबाब लिहून घेतो, सह्या घेतो, मिटलं."

मिटलं. कागदावर एकदा उमटलं की ते त्या पोरीच्या मागे जन्मभर येणार होतं, लग्नात आणि बाळंतपणातसुद्धा.

आणि तो कायदा. बारा वर्षांखालच्या मुलाला शिकारीला न्यायचं तर दोघांत बंदूक एकच. चालताना ती मोठ्याच्या हातात. बसल्यावर मूल मोठ्याच्या हाताच्या अंतरावर. तीन वर्षांपूर्वी गावच्या फायर हॉलमधल्या सभेत याच कायद्याची बाजू मी छातीठोकपणे मांडली होती. "मोठं माणूस हाताला लागेल इतकं जवळ असलं, की लेकराच्या हातून वावगं होत नाही," मी म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

घड्याळात दहा वाजले होते. माझ्याकडे पाच तास होते.

२

शर्कांचा कॅम्प म्हणजे दोन खोल्यांचं लाकडी घर, एक शेगडी आणि एक भिंत. ती भिंत सगळ्या खोऱ्यात प्रसिद्ध आहे. शिकारीत ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. साठ वर्षांचे चौकड्यांच्या कापडाचे तुकडे तिथे फडफडतात. कात्री खिळ्याला टांगलेली असते. पोरीचा मामा क्लीट, त्याच्या नावाचे तुकडे मी एकदा मोजले होते, अकरा होते. त्यांच्यावर लहानशी शिंगं आणि पितळी पाटी: 'क्लीट, वय १०, पहिलं हरीण'. त्याच्या अब्रूची भिस्त त्या पाटीवर.

ती पोरगी, ऑड्रा, शेगडीजवळ बाकावर बसली होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. गळ्यात आवाज अडवणारे हेडफोन, डोक्यावर नारिंगी लोकरीची टोपी, टोपीवर निळ्या पट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने काढलेली चांदणी. नऊ वर्षांच्या मुली काय काय चिकटवतात. शर्ट मात्र तिने मागून पूर्ण बाहेर काढला होता.

"वॉर्डन बाई, माझा शर्ट कधी कापणार?"

"का गं?"

"हरीण पळालं ना. म्हणजे माझा नेम चुकला. चुकला की कापतात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आजोबांना विचारलं तर ते बाहेरच निघून गेले."

मी तिच्याशेजारी टेकले. "काय झालं, सांगशील?"

"मामा म्हणाला, 'आता.' मी डोळे मिटले. मिटायचे नसतात, मला माहितीये. पण मिटले. चाप खूप कडक होता. खूप खूप ओढला. मग धाड झालं."

"खांदा दुखतोय?"

"नाही. आजोबा म्हणाले होते, घोड्याने लाथ मारल्यासारखं लागेल. काही लागलंच नाही."

मला माझी पहिली रायफल आठवली. खांद्यावरचा काळानिळा डाग आठवडाभर आईपासून लपवला होता. पण ऑड्राची बंदूक हलकी, वर जाड कपडे. मी तो विचार झटकून टाकला, आणि तिथेच चुकले.

"रस काका माझ्यासाठी येत होते का?" तिने विचारलं.

तेवढ्यात दारातून क्लीट म्हणाला, "पुरे करा आता. पोरीला किती वेळा मारायला लावणार आहात त्याला?"

३

क्लीट शर्क छत्तीस वर्षांचा, आडव्या बांध्याचा, पलीकडच्या तुरुंगात पहारेकरी. डोळे रडून सुजलेले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. रस म्हणजे या कॅम्पचा जुना सोबती, त्यानेच क्लीटला मासे धरायला शिकवलं होतं.

"मी तिच्या मागेच होतो," तो म्हणाला. "हात लांब केला तर तिच्या पाठीला लागेल इतका. हरीण आलं, मी 'आता' म्हणालो. तिने झाडली. मग झुडपांत काहीतरी कोसळलं."

"तुझी रायफल?"

"कॅम्पवर, रॅकवर. एक बंदूक, दोन माणसं. कायदा मला नको शिकवूस, वेंडा."

"आणि पोरीला प्रेताजवळ एकटी सोडून आलास?"

"तिथे फोन लागतो का? पळत इकडे आलो. मदत आणायला नको?" त्याने मान फिरवली. "तिची बंदूक हिसकावून घेतली आणि पळालो. बंदूक आणि रिकामं काडतूस ओडेलला दिलंय. विचार त्याला."

ओडेलने ते दोन्ही घेतलं होतंच. नळी आतून काळी होती, पण त्यात नवल नव्हतं. आदल्या दिवशी पोरीच्या आजोबांनी सहा गोळ्या झाडून बंदुकीचा नेम लावला होता. नेम लावल्यावर आमच्याकडे कुणी नळी पुसत नाही. पुसली की नेम हलतो.

मर्ल, म्हणजे ऑड्राचे आजोबा आणि क्लीटचा बाप, मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. बहात्तर वर्षांचा माणूस, फोडलेलीच लाकडं पुन्हा फोडत होता.

"ही बंदूक तिने आधी कधी झाडली होती?" मी विचारलं.

"कधीच नाही. उन्हाळाभर छोट्या बंदुकीवर हात बसवला. मोठीचा धक्का बसला की पोरं बिचकतात, म्हणून राखून ठेवली होती." त्याने कुऱ्हाड टेकली. "जनीन नको म्हणत होती. आई ना शेवटी. मीच म्हणालो, नऊ वर्षं झाली, आता काय कडेवर घेऊन फिरायचं? माझ्या बापाने मला सातव्या वर्षी नेलं होतं."

"रस तिकडे कशाला गेला?"

"कोको द्यायला. पोरीचा पहिला दिवस, हात गारठले असतील म्हणाला. मी त्याला सांगितलं होतं, साडेनऊपर्यंत थांब. पण तो ऐकतो का?"

आत येऊन मी रॅककडे पाहिलं. तीन रायफली ओळीने उभ्या. मर्लची, तो सकाळी वरच्या कड्यावर होता, त्याने गोळी झाडली नव्हती. दुसरी रसची, गुडघे गेल्यापासून दहा वर्षांत ती कुणी उचलली नव्हती. दोघींच्या नळ्यांची तोंडं मर्लने दरसालाप्रमाणे निळ्या पट्टीने बंद केलेली. तिसरी क्लीटची, जाडजूड, तेल लावून चकचकीत.

मी त्या तिघींकडे बघत उभी होते आणि मला काहीच दिसलं नाही. मग दार वाजलं. बाहेर वॉन लेशर उभा होता, ज्याला या कॅम्पच्या पायरीवर पाऊल ठेवायची बंदी होती.

४

वॉन शेजारच्या जमिनीचा मालक. हद्दीच्या कुंपणावरून त्याचं आणि रसचं आठ वर्षांचं वाकडं. गेल्याच महिन्यात हॉटेलात फाटक्या आवाजात तो बोलला होता, "रस बेंडर माझ्या ओढ्याअलीकडे दिसला तर त्याला चालत परत जाऊ देणार नाही." सगळ्या गावाने ऐकलं होतं.

"मी आत येत नाही," तो म्हणाला. "तू बाहेर ये."

आम्ही त्याच्या गाडीजवळ उभे राहिलो.

"पोरीने मारलं म्हणतायत. खरं?"

"ती म्हणते तसं."

"मग ती चुकीचं म्हणते." त्याने थुंकी टाकली. "मी ओसरीत कॉफी घेत होतो. आवाज एकच झाला, पण जाड. माझ्या खिडकीची काच थरथरली. ती पोरासोरांची बंदूक नव्हती, वेंडा. ती मोठी रायफल होती."

"वॉन, तुझी रायफल कोणती?"

तो हसला, पण मजेने नाही. "मोठीच. मला कळतंय तू काय विचारतेस. म्हणूनच तर तासभर घरात येरझाऱ्या घालत होतो. बोललो तर सगळं शेण माझ्याच तोंडाला लागणार. पण ती पोरगी दर रविवारी माझ्या कुत्र्याला बिस्कीट देते."

"ओसरीत तुझ्याबरोबर कोण होतं?"

"बायको चर्चच्या स्वयंपाकाला गेली होती. कुत्रा होता. त्याचा जबाब घे." मग थोडं थांबून म्हणाला, "माझी बायको फायर हॉलमध्ये त्या कायद्याविरुद्ध बोलली होती, आठवतं? 'मूल जवळ आहे हे ठीक, पण मोठ्याची अक्कल कोण तपासणार?' आणि तू सगळ्यांसमोर तिला हसली होतीस."

आठवत होतं.

ओडेलला सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "मग वॉनच. भांडण आहे, मोठी रायफल आहे, साक्षीदार नाही. पोरगी आणि तो एकाच क्षणी झाडतात, म्हणून आवाज एक."

"एकाच क्षणी? अर्धा मैल लांबून त्याला कसं कळलं ती कधी चाप ओढणार?"

ओडेल वहीत काहीतरी खोडू लागला. पण माझ्याच तोंडून निघालेला तो प्रश्न मला सोडेना. ती कधी चाप ओढणार, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

पण त्या माणसाची रायफल रॅकवर होती. तो तसं म्हणाला होता.

५

अडीच वाजले. मी कॅम्पमध्ये परत आले तेव्हा ऑड्रा तशीच बाकावर होती. समोर कुणीतरी ठेवलेलं सँडविच तसंच. ती टोपी मांडीवर घेऊन त्या निळ्या तुकड्याच्या कडा नखाने बसवत होती.

"सुटतेय," ती म्हणाली. "ओली झाली होती ना."

"कुठे मिळाली ही पट्टी?"

"माझीच आहे. काल आजोबांनी सगळ्यांच्या बंदुकांना लावली, तेव्हा मी माझ्यावर चांदणी काढली."

मी हात पुढे केला. "बघू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. कळसा त्या पोरीच्या डोक्यावर होता आणि मी सकाळपासून डोंगर तुडवत होते.

बर्फ आत जाऊ नये म्हणून आम्ही नळीच्या तोंडावर पट्टी लावतो. गोळी झाडताना ती काढावी लागत नाही. गोळी तिला फोडूनच जाते, चिंध्यासुद्धा उरत नाहीत. माझ्या तळहातावरचा तुकडा अख्खा होता. मधोमध नळीचा गोल वळ उमटलेला आणि त्या वळात पाच टोकांची चांदणी, एकही टोक न दुखावलेली.

"ऑड्रा, नीट आठवून सांग. नेम धरलास तेव्हा ही बंदुकीवर होती?"

"हो. आजोबा म्हणाले होते की झाडलं की चांदणी फुटणार. म्हणून मी आधी तिला टाटा केलं. मग मामा 'आता' म्हणाला."

"आणि मग कुठे सापडली?"

"मामा कॅम्पवर गेला ना, तेव्हा. मी रस काकांना जाकीट घालून परत आले तर मचाणाखाली बर्फात पडली होती." तिने वर पाहिलं. "फुटली नाही म्हणून मला बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटायला नको."

मी पुन्हा रॅककडे पाहिलं. मर्लची नळी निळी. रसची निळी. क्लीटच्या नळीचं तोंड उघडं होतं, काळं, आणि माझ्याकडे बघत होतं. काल संध्याकाळी मर्लने सगळ्यांच्या बंदुकांना पट्टी लावली होती.

"पोरी, आज मचाणावर बंदुका किती होत्या?"

तिने टोपी छातीशी धरली. मग म्हणाली, "ते सांगायचं नाहीये. सांगितलं तर माझा परवाना जाईल. मामाने शपथ घातलीय."

बाहेर गाडी चढणीला लागल्याचा आवाज आला. तिची आई पोचत होती.

६

मी मर्लला, क्लीटला आणि ओडेलला आत बोलावलं. ऑड्राला बाहेर काढावं असं ओडेलने खुणावलं. मी नाही म्हणाले. हे ऐकायची सगळ्यांत जास्त गरज तिलाच होती.

"मर्ल, कात्री काढ," मी म्हणाले. "आज या कॅम्पात एकाचा नेम चुकलाय."

मर्लच्या जबड्याची शीर उडाली. "वेंडा, अशी थट्टा केलीस तर दाराबाहेर काढीन."

मी पट्टी टेबलावर ठेवली. चांदणी वर.

"ही ऑड्राच्या नळीवरची. अख्खी आहे. म्हणजे तिच्या बंदुकीतून गोळी सुटलीच नाही. खटक्याचं कुलूप, म्हणजे सेफ्टी, चढलेलं होतं, म्हणून चाप कडक लागला. खांद्याला धक्का बसला नाही, कारण धक्का देणारं काही झालंच नव्हतं. डोळे मिटलेले, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन, आणि पाठीमागे हातभर अंतरावर मोठी रायफल कडाडली. ती नऊ वर्षांची आहे. तिला वाटलं, आपणच झाडली."

ओडेलने वाकून पट्टी पाहिली.

"आवाज एकच होता. वॉनने तो जाड ऐकला. रॅकवरच्या तीन नळ्यांपैकी एकीची पट्टी नाही. रिकामं काडतूस मर्लच्या कालच्या सहांतलं, कुणीही उचलावं. मग तिच्या नळीवरची पट्टी ओरबाडून टाकायची आणि पळत येऊन आपली रायफल रॅकला लावायची. पट्टी बर्फात पडली ते घाईत दिसलं नाही. आता एकच गोष्ट उरते. तिच्या बंदुकीतलं भरलेलं काडतूस कुठे गेलं?"

क्लीटने खिशात हात घातला आणि एक बारीक, चकचकीत, भरलेलं काडतूस चांदणीशेजारी ठेवलं.

"तिला हरीण मिळवून द्यायचं होतं," तो म्हणाला. "बस. तिने झाडलं की त्याच क्षणी मीही झाडणार होतो. तिला वाटलं असतं तिनेच पाडलं. तिचं कुलूप काढायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. माझं लक्ष हरणावर होतं. मागे कोण आहे ते पाहिलं नाही."

"आणि नंतर?"

"दुसरी बंदूक, वर माणूस मेलेला. मी तुरुंगात गेलो असतो, वेंडा. जिथे पहारा देतो तिथेच." तो ऑड्राकडे बघत नव्हता. "लहान पोरीला कुणी काही करत नाही. लोक म्हणाले असते अपघात. विसरले असते."

"ती विसरली असती?"

त्याने भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बोट केलं. "मला ही युक्ती कुणी शिकवली, विचार. दहा वर्षांचा होतो मी. त्या दिवशी बाबा माझ्या मागे बसले होते. पंधराव्या वर्षी कळलं मला, माझ्या बंदुकीचा नेम दोन हात डावीकडे होता."

मर्लने त्या शिंगांकडे पाहिलं.

"तेव्हा मागे कुणी नव्हतं," तो म्हणाला. "एवढंच."

त्याने कात्री खिळ्यावरून काढली. क्लीटने पाठ फिरवली आणि जाकीट वर केलं. कापड जाड होतं, कात्री जुनी. कापायला वेळ लागला. मर्लने तो तुकडा भिंतीवर ठोकला नाही. टेबलावर ठेवला. मग कात्री माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ फिरवली.

मी त्याचाही शर्ट कापला. माझ्या गणवेशाचा शर्टही त्या दिवशी कापायला हवा होता, फायर हॉलमधल्या टाळ्यांपायी. पण ओडेल बघत होता आणि माझी हिंमत झाली नाही. ते मला अजून सलतं.

बाहेर गाडीचं दार आपटलं. ओडेल क्लीटच्या दंडाला धरून मागच्या दाराने निघाला. जाता जाता क्लीट ऑड्रासमोर क्षणभर थांबला.

ऑड्रा टेबलावरची चांदणी बघत होती. "म्हणजे मी नाही?"

"तू नाही," मी म्हणाले.

"पण कोको माझ्यासाठीच होता ना?"

मर्ल गुडघ्यांवर बसला, म्हाताऱ्या गुडघ्यांचा आवाज झाला. "हो बाळा," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच होता. त्याला तू आवडायचीस."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. सकाळपासून बाहेर लोंबणारं तिच्या शर्टाचं टोक मर्लने दोन्ही हातांनी गोळा केलं, आणि आई दारात येण्याआधी ते नीट, चारी बाजूंनी, तिच्या पँटमध्ये खोचून दिलं.